झिजलेला गुडघा आणि मूलपेशी

रामटेकच्या पायऱ्या एके काळी झपझप चढणारी माणसे साठी उलटली की पायथ्याशीच बसून राहतात, आणि ‘वय झाले’ असे म्हणून घरची मंडळी मोकळी होतात. परंतु गुडघ्यात घडते ते काय?

मांडीचे हाड व नडगीचे हाड जेथे एकमेकांस टेकतात, तेथे दोहोंवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्यात मज्जातंतू नाहीत, म्हणून झीज प्रारंभी दुखत नाही; रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून बोटाची जखम भरावी तशी ती भरूनही येत नाही. लंडनच्या विल्यम हंटर या शारीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच हे सांगून ठेविले होते. पुढे १९९४ साली स्वीडनमधील शल्यवैद्यांनी रोग्याच्याच कूर्चेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात परत रोवल्याचे प्रसिद्ध केले. तरुण खेळाडूच्या कूर्चेत पडलेला खळगा बुजविण्यास तो उपाय बरा. सबंध सांध्याची झीज ही गोष्ट निराळी.

तिच्यासाठी आता मूलपेशींकडे बोट दाखविले जाते. अस्थिमज्जेत अशा काही पेशी असतात की, त्यांपासून हाड, चरबी वा कूर्चा बनू शकते. बंगळूरच्या स्टेमप्युटिक्स कंपनीने निरोगी दात्यांच्या मज्जेतील अशा पेशी वाढवून औषध सिद्ध केले. गुडघ्याच्या संधिवातासाठी त्यास २०२२ साली भारताच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. एका सुईत अडीच कोटी पेशी! आकडा ऐकून कोणीही दिपून जाईल. परंतु १४६ रोग्यांवरील चाचणीत वर्षअखेर दिसले ते इतकेच की, मूलपेशी न दिलेल्या गटाच्या मानाने वेदना व ताठरपणा अधिक कमी झाला, आणि उरलेल्या कूर्चेची प्रत खालावली नाही. नवी कूर्चा उगवली, असे नव्हे. टोचलेल्या पेशी स्वतः कूर्चा बनण्यापेक्षा दाह शमविणारी द्रव्ये स्रवतात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे त्यांचे काम गवंड्याचे कमी व आग विझविणाऱ्याचे अधिक. शिवाय हे औषध मध्यम झिजेपुरते आहे. हाडावर हाड घासू लागले असेल, तर सांधा बदलण्याचा विचार करणेच प्राप्त होते.

‘कूर्चा पुन्हा उगवून देतो’ असे कोणी म्हणाल्यास, पैसे मोजण्यापूर्वी पेशी कोणाच्या, त्या कोठे वाढविल्या व त्या औषधास मान्यता आहे काय, हे अवश्य विचारावे. रोग्याचेच रक्त फिरवून काढलेला द्रव टोचणे म्हणजे मूलपेशींचा उपचार नव्हे. आणि तोवर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम चालू ठेवावा, वजन उतरवावे. एक किलो उतरल्यास पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे मोजून पाहिलेले आहे.