श्वास कोण चालवितो?

श्वास फुप्फुसें घेतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः फुप्फुसांत स्वतःला फुगविण्याची शक्ति मुळींच नाहीं. लोहाराचा भाता हात लावल्यावांचून हलत नाहीं, तशींच तीं दुसऱ्याच्या बळावर चालतात. हें बळ पुरविणारे स्नायु पहिल्या श्वासापासून अखेरच्या श्वासापर्यंत राबत असतात. परंतु हृदयाची जशी वारंवार चौकशी होते, तशी यांची कोणी करीत नाहीं.

यांतील मुख्य स्नायु म्हणजे छाती व पोट यांच्यामध्यें घुमटासारखा पसरलेला मांसल पडदा. त्यास श्वासपटल म्हणतात. तें आकुंचन पावलें कीं घुमट एक-दोन सेंटिमीटर खालीं उतरतो. त्याच वेळीं बरगड्यांमधील स्नायु बरगड्यांना वर व बाहेर उचलतात. छातीची पोकळी वाढते, आंतील दाब घटतो आणि बाहेरची हवा आपोआप आंत शिरते. स्वस्थपणीं उच्छ्वासास श्रम पडत नाहींत. ताणलेलीं फुप्फुसें रबराप्रमाणें पूर्ववत् होतात. उताणें निजलेल्या मुलाचें पोट श्वास घेतांना वर येतें, ती श्वासपटल खालीं उतरल्याचीच खूण होय.

मोठा मनुष्य विश्रांतींत मिनिटास १२ ते १६ वेळां श्वास घेतो व दर खेपेस सुमारें अर्धा लिटर हवा ओढतो. म्हणजे दिवसाकांठीं खेपा वीस हजारांच्या आसपास जातात! तरी त्यांचा भार वाटत नाहीं. कारण निरोगी शरीर जेवढा प्राणवायु खर्च करतें, त्याच्या शेंकडा ५ हूनहि कमी भाग या कामीं लागतो.

हे सेवक हतबल होतात ते मुख्यतः दोन प्रकारांनीं. पहिला प्रकार भार वाढण्याचा. विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुरानें वर्षानुवर्षें जर्जर झालेल्या फुप्फुसांत हवा कोंडून राहते. त्यामुळें घुमट दबून सपाट होतो, आणि सपाट पडदा खालीं ओढणार तरी किती? मग मानेचे स्नायु मदतीस धांवतात. रोगी गुडघ्यांवर हात टेकून पुढें वांकून बसतो, तो याचसाठीं.

दुसरा प्रकार हुकूम न पोंचण्याचा. हृदयाच्या ठोक्याची प्रेरणा हृदयांतच उत्पन्न होते. श्वासपटलास मात्र प्रत्येक श्वासासाठीं मेंदूची आज्ञा लागते. ती मानेंतून निघणाऱ्या दोन मज्जातंतूंवाटे येते. मानेच्या वरच्या भागांत मज्जारज्जु तुटला, तर फुप्फुसें निर्दोष असूनहि श्वास थांबतो. पोलिओचा विषाणु आज्ञा वाहणाऱ्या पेशींचाच नाश करतो.

अशा वेळीं हें काम दुसऱ्यानें केलें तर? १९५२ सालीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली. शरीराभोंवतालचा दाब कमीजास्त करून श्वास चालविणारें ‘लोखंडी फुप्फुस’ ब्लेगडॅम रुग्णालयांत एकच होतें. श्वास बंद पडलेल्यांपैकीं शेंकडा ८० हून अधिक रोगी दगावत होते. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून नळी बसविली आणि रबरी पिशवी हातानें दाबून तिच्या छातींत हवा भरली. मुलगी वांचली. पुढें सुमारें दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसून रात्रंदिवस पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचें प्रमाण निम्म्यावर उतरलें. आजच्या अतिदक्षता विभागांचा पाया या हातांनीं घातला.

हा धडा महाराष्ट्राच्या खेड्यांतहि प्राण वांचवितो. जमिनीवर निजलेल्यास मण्यार रात्रीं चावते. दुखत नाहीं, कित्येकदां दांतांची खूणहि दिसत नाहीं. पहांटे पोटांत कळा येतात, पापण्या जड होतात, गिळतां येत नाहीं, आणि मग श्वासाचे स्नायु लुळे पडूं लागतात. तिचें विष मज्जातंतूंचीं टोकें निकामी करतें. प्रतिविष लवकर द्यावेंच लागतें. परंतु झालेली हानि त्यानें भरून येत नाहीं. टोकें पुन्हां वाढेपर्यंत यंत्रानें कांहीं दिवस श्वास चालविला, तर मनुष्य पूर्ण बरा होऊन घरीं जातो.

म्हणून घरांतल्यांनीं खुणा ओळखावयास हव्यात. वाक्य एका दमांत पुरें होत नाहीं. आडवें होतांच जीव घाबरतो. श्वास घेतांना पोट वर येण्याऐवजीं आंत जातें. हीं श्वासपटल थकल्याचीं चिन्हें होत. सर्वांत फसवी खूण शेवटची. रात्रभर धापा टाकणारा रोगी पहांटे एकाएकीं शांत होतो, त्यास झांपड येते, आणि घरच्यांस वाटतें, बरें झालें, डोळा लागला. आराम पडलेला रोगी हांकेस नीट ओ देतो व त्याचा श्वास संथ, भरदार असतो. थकलेल्याचा श्वास उथळ असतो आणि उठविलें तरी तो पुन्हां ग्लानींत जातो. अशास ‘निजूं द्या’ म्हणूं नये. त्यास तत्क्षणीं रुग्णालयांत न्यावें, आणि वाटेंत श्वास थांबलाच, तर सोबतच्यानें तोंडानें त्याच्या तोंडांत हवा भरीत राहावें. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनीं पिशवीनें केलें, तेंच हें काम आहे.