जकातीच्या नाक्यापासून भरपाईच्या धनादेशापर्यंत



एखादा कर चांगला की वाईट, हे त्यातून किती रक्कम जमा होते यावरून ठरविण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. अंदाजपत्रकात ज्या बाबीचा आकडा मोठा, ती बाब उत्तम असे समजले जाते. वास्तविक, कर व्यापाराच्या वाटेवर नेमका कोठे उभा असतो आणि तो उठविल्यानंतर वसूल करणाऱ्या संस्थेच्या हाती काय उरते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे होत. महाराष्ट्रातील जकातीची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे.

नगराच्या वेशीवर शुल्क घेण्याची पद्धत प्राचीन आहे. कौटिल्याने शुल्काध्यक्षाचे वर्णन केले असून, शुल्कशाळा नगरद्वाराजवळ असावी असे सांगितले आहे. स्वातंत्र्योत्तर काळातही ही कल्पना फारशी बदलली नव्हती. जकात विक्रीवर नव्हती, नफ्यावरही नव्हती. माल हद्दीत शिरला, एवढेच तिला पुरेसे होते.

याचा परिणाम उद्योगावर कसा होई, ते एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, एका कारखानदाराने पिंपरी-चिंचवडमध्ये पत्रा आणला. तेथे त्यावर जकात पडली. त्या पत्र्यापासून केलेला सुटा भाग पुण्याच्या कारखान्यात गेला, तेव्हा भागाच्या संपूर्ण किमतीवर, म्हणजे आधी भरलेली जकातही किमतीत धरून, पुन्हा जकात पडली. जोडणी झालेले यंत्र मुंबईच्या बाजारात निघाले की मानखुर्दच्या नाक्यावर तिसऱ्यांदा तोच प्रसंग. परदेशातून थेट मुंबई बंदरात उतरलेल्या तशाच यंत्राला मात्र ही जकात एकदाच द्यावी लागे. माल आला त्याच स्वरूपात हद्दीबाहेर गेला तर सामान्यतः परताव्याची तरतूद असे. पण यंत्राच्या पोटात गेलेल्या पत्र्याला ती सोय कशी मिळणार? स्वदेशी कारखानदाराच्या पायात अशी बेडी घालणारा कर स्वदेशी नगरपालिकाच गोळा करीत होत्या, आणि त्याच पैशातून त्याच कारखानदाराला रस्ते व पाणी पुरवीत होत्या, ही त्यातील विसंगती होय.

मालमोटारी नाक्यावर खोळंबत, डिझेल जळे, भाजीपाला सुके. दहिसर किंवा मुलुंडच्या नाक्यावरील रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याहून अधिक सांगावयास नको. नाक्यावर पावतीखेरीज आणखी कशाकशाची देवघेव होई, तेही वाहनचालकांना ठाऊक आहे.

हे दोष तज्ज्ञांच्या ध्यानी आले नव्हते असे नाही. डॉ. बा. वि. केसकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता वाहतूक कर चौकशी समितीने १९६७ साली जकात रद्द करण्याची शिफारस केली होती. (आकाशवाणीवरून चित्रपटगीते दूर ठेवणारे मंत्री म्हणून केसकर लोकांच्या स्मरणात राहिले, त्यांचे हे काम मात्र विस्मरणात गेले.) पुढे लक्ष्मीकांत झा समितीने १९७८ च्या अहवालात जकातीविरुद्धच मत दिले. मध्य प्रदेशाने १९७६ मध्ये आणि कर्नाटकाने १९७९ मध्ये जकात उठविली. महाराष्ट्रात मात्र नगरपालिकांची जकात १९९९ पर्यंत आणि मुंबईची २०१७ पर्यंत चालू राहिली.

असे का झाले? शासनाची उदासीनता हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. जकात हा रोजच्या रोज रोकड आणणारा कर होता. शहर वाढले, व्यापार वाढला की ती आपोआप वाढे. त्यासाठी मंत्रालयात खेटे घालावे लागत नसत. तिच्या जोरावर कर्जही मिळे. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९८ साली राज्य शासनाच्या हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे रोखे विक्रीस काढले, तेव्हा परतफेडीसाठी काही ठराविक नाक्यांवरील जकातीचे उत्पन्न स्वतंत्र खात्यात राखून ठेवले होते. धनको नगरपालिकेच्या नावापेक्षा नाक्यावरच्या गल्ल्यावर विश्वास ठेवीत होता. उत्पन्नाचे स्वतःचे साधन असणे आणि कर्ज काढण्याची पत असणे, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

महानगरपालिकांच्या क्षेत्रात २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. त्यात नाके गेले, परंतु व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्याचा प्रश्न उभा राहिला. २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांहून कमी उलाढाल असणाऱ्यांना हा कर माफ झाला. अखेर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईचे नाकेही थांबले. या करात आधीच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट मिळते. त्यामुळे वरील उदाहरणातील यंत्रावर कराचे थर चढत नाहीत, आणि माल कोणत्या शहरातून गेला याचा त्याच्या किमतीशी संबंध उरत नाही. उद्योगाच्या दृष्टीने हा लाभ निःसंशय मोठा आहे. तो नाकारण्याचे कारण नाही.

पण जमाखर्चाला दुसरी बाजू असतेच. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ५२ वी नोंद, म्हणजे स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावर कर बसविण्याचा अधिकार, वगळण्यात आली. त्याऐवजी भरपाईची साखळी निर्माण झाली. केंद्राने राज्यांना २०१५-१६ हे आधारवर्ष धरून, दरसाल १४ टक्के वाढीच्या हिशेबाने, पाच वर्षे भरपाई देण्याचे मान्य केले. महाराष्ट्राने स्वतंत्र अधिनियम करून महानगरपालिकांना दरसाल ८ टक्के वाढीसह भरपाईची हमी दिली. जुलै २०१७ मध्ये मुंबई महानगरपालिकेला मिळालेला पहिला हप्ता ६४७ कोटी ३४ लाख रुपयांचा होता.

ही साखळी किती ताण सोसू शकते, याची परीक्षा लवकरच झाली. एप्रिल २०१९ मध्ये देशात वस्तू व सेवा कराचे १,१३,८६५ कोटी रुपये जमा झाले होते. टाळेबंदीच्या एप्रिल २०२० मध्ये ३२,१७२ कोटी जमले. भरपाईसाठी असलेला उपकर अपुरा पडला. तेव्हा केंद्राने कर्ज उभारून ते राज्यांना जसेच्या तसे पुढे दिले: २०२०-२१ मध्ये १ लाख १० हजार कोटी, २०२१-२२ मध्ये १ लाख ५९ हजार कोटी रुपये. त्याच्या फेडीसाठी उपकराची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे टाळेबंदीतील तूट पुढील वर्षांत मोटारगाड्या, तंबाखू व कोळसा घेणाऱ्या ग्राहकाने भरून काढली. सार्वजनिक कर्ज म्हणजे लांबणीवर टाकलेला कर होय, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचण्यापेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसते.

राज्यांची भरपाई जून २०२२ मध्ये संपली. महानगरपालिकांना द्यावयाची भरपाई मात्र राज्याच्या तिजोरीवर राहिली. नाक्यावर जमा होणारा पैसा शहराच्या व्यापाराबरोबर वाढे वा घटे, आणि नगरसेवकाला त्याचे कारण ठाऊक असे. भरपाईचा हप्ता वाढतो तो कायद्यातील टक्केवारीने. शहराने उद्योग आणला काय, न आणला काय, त्यात फरक पडत नाही. स्थानिक कारभार आणि स्थानिक समृद्धी यांना जोडणारा धागा अशा रीतीने तुटला आहे.

आता स्थानिक संस्थांच्या हाती मुख्यतः मालमत्ता कर उरला. हा कर वाटेत उभा राहत नाही, माल अडवीत नाही. विकासाला त्यापासून सर्वांत कमी उपसर्ग होतो. अडचण एवढीच की तो ओळखीच्या माणसाच्या दारात जाऊन मागावा लागतो. जकात कोण देतो हे नागरिकाला दिसत नसे. घरपट्टीचे बिल मात्र त्याच्या नावाने येते. २०२२ साली मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना या करातून सूट देण्यात आली. सूट लोकप्रिय ठरली, हे सांगावयास नकोच. पंधराव्या वित्त आयोगाने मात्र शहरी संस्थांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर ठरविण्याची अट घातली होती.

ग्रामपंचायतींचा प्रश्न आकाराने लहान, स्वरूपाने तोच आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठी याच आयोगाने सुचविलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेच्या कामांना बांधलेली होती. रस्त्यावरचा दिवा, शाळेची गळकी खोली किंवा स्मशानभूमीची वाट यांसाठी आपल्या मर्जीने खर्चता येईल असा स्वतःचा पैसा मुख्यतः घरपट्टीतून यावयाचा. राज्यसूचीतील ६२ व्या नोंदीनुसार करमणुकीवर कर बसविण्याचा अधिकार आता केवळ पंचायती, नगरपालिका व तत्सम स्थानिक संस्थांसाठी राखलेला आहे. गावच्या जत्रेतील तमाशाच्या वा चित्रपटाच्या तंबूपुरता तो किरकोळ वाटेल. महामार्गालगत करमणूक उद्याने उभी राहिलेल्या गावांत तसा तो नाही. मार्च महिना जवळ आला की थकबाकीची यादी मासिक सभेपुढे येते. तीत सभेला बसलेल्या सदस्यांचीच नावे असली, तर ती वाचून दाखविण्याचे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे येते.