‘सेव्हरन्स’ परत आलं, पण त्या तिघांचं काय झालं?

(रविवारी रेकॉर्ड केलेल्या भागाचं हे लिखित रूप. अडखळणं आणि दोन वेळा वाजलेली दारावरची बेल गाळली आहे, बाकी जसं बोलले तसं ठेवलंय. पहिल्या सीझनचा शेवट आणि दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, दोन्हींतलं सगळं यात फोडलंय. बघायचं राहिलं असेल तर आधी बघून या.)

आवाज बसलाय, सांभाळून घ्या. शुक्रवारपासून ज्याला त्याला फोन करून एकच विषय बोलतेय. ‘सेव्हरन्स’ परत आलं.

पहिला सीझन संपला ८ एप्रिल २०२२ ला. दुसऱ्याचा पहिला भाग आला १७ जानेवारी २०२५ ला. पावणेतीन वर्षं हो! मधे हॉलिवूडमध्ये लेखकांचा संप झाला, मग नटमंडळींचा झाला, तारखा पुढे पुढे गेल्या. पहिला सीझन संपला तेव्हा माझी भाची रांगत होती. आता ती शाळेत जाते आणि मला विचारते की तू टीव्हीसमोर का रडतेस.

ज्यांना काहीच माहीत नाही आणि तरी ऐकताय, त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगते. ल्युमन नावाची कंपनी आहे. तिथल्या काही लोकांच्या मेंदूत एक चिप बसवतात, आणि लिफ्टने खाली ऑफिसात उतरलं की बाहेरचं सगळं विसरायला होतं, वर आलं की ऑफिसातलं सगळं. म्हणजे एका शरीरात दोन माणसं. इंग्रजीत ते ‘इन्नी’ आणि ‘आउटी’ म्हणतात, आमच्या घरी ‘आतला मार्क’ आणि ‘बाहेरचा मार्क’ म्हणतो. आतल्या बिचाऱ्याला ना रविवार, ना झोप, ना घर. लिफ्टचं दार मिटलं की पुढच्या क्षणी परत ऑफिस.

पहिला सीझन संपला तो मार्कच्या ओरडण्यावर. आतला मार्क काही मिनिटांसाठी बाहेर जागा होतो, त्याला कळतं की बाहेरच्या मार्कची मेलेली बायको जेमा मेलेली नाहीच, ती खाली ऑफिसात मिस केसी म्हणून वावरतेय. तो ‘ती जिवंत आहे’ असं ओरडतो आणि पडदा काळा. आपण पावणेतीन वर्षं तिथेच.

आणि आता नवीन भाग सुरू होतो तो लिफ्टमध्ये. आपली पावणेतीन वर्षं गेली, त्याचा एक श्वाससुद्धा गेलेला नाही. ते ओरडणं अजून घशातच आहे आणि समोर लिफ्टचं दार उघडतंय. मला काय आवडलं सांगू? ‘मागील भागात काय घडले’ वगैरेची गरजच ठेवली नाही. तो पळत सुटतो. ते पांढरे बोळ, वळण, परत बोळ, कॅमेरा त्याच्या पुढे, मागे, भोवती फिरतोय. एका दमात घेतल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात बरेच तुकडे जोडून केलंय. तो वेलनेसच्या खोलीकडे, म्हणजे मिस केसीला शोधायला पळतोय. मिस केसी नाही.

मी हे बघत होते शुक्रवारी सकाळी, चहा पुढ्यात ठेवून, ऑफिसला उशीर करून. आई भाजी निवडायला येऊन बसली. तिने पहिला सीझन बघितलेला नाही. मिनिटभर बघून म्हणाली, “हा माणूस नुसता पळतोच आहे का गं? बस चुकली का याची?”

[हसते.] मी म्हटलं, आई, प्लीज.

बरं, पुढे. तो शेवटी आपल्या टेबलांपाशी पोचतो आणि तिथे हेली नाही, अर्व्हिंग नाही, डिलन नाही. तीन नवीन माणसं बसलीत. एक मार्क डब्ल्यू, तो बॉब बलाबनने केलाय. एक ग्वेंडोलिन, ती आलिया शॉकट. आणि एक दारिओ, तो इटालियन बोलतो. दुसऱ्या शाखांमधून आणलेली माणसं. आपल्या मार्कचा चेहरा असा होतो की शाळेतून घरी यावं आणि आपल्या घरात भलतंच कुटुंब जेवताना दिसावं. अ‍ॅडम स्कॉटने तो काही सेकंदांचा चेहरा काय केलाय!

मग मिल्चिक येतो, फुगे घेऊन. ट्रॅमेल टिलमनबद्दल मी वेगळा भाग करीन, आज नाही, नाहीतर तेच होऊन बसेल. तो आता या मजल्याचा मॅनेजर झालाय. सांगतो, पाच महिने झाले, तुमच्या बंडाची बातमी जगभर गेली, कंपनीने सुधारणा केल्या, बाकी तिघांच्या बाहेरच्या माणसांनी परत यायला नकार दिला. वर्तमानपत्रसुद्धा दाखवतो. त्याची सहायक म्हणून एक लहान मुलगी आहे, मिस ह्वांग. तू लहान मुलगी का आहेस असं तिला विचारलं तर ती शांतपणे सांगते की मी जन्मले त्या वेळेमुळे. मला हसूही आलं आणि अंगावर काटाही.

ते पाच महिने मला पटलेले नाहीत हं. आतल्या माणसाला ना कॅलेंडर, ना खिडकी. मिल्चिक पाच दिवस म्हणाला असता तरी ते पाच दिवस, पाच वर्षं म्हणाला असता तरी पाच वर्षं. आणि या भागाने आपल्यालाही खालीच कोंडून ठेवलंय. बाहेरच्या जगाचं एकही दृश्य नाही. म्हणजे मार्कला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला. बाहेर नेमकं काय झालं या एका गोष्टीसाठी पावणेतीन वर्षं थांबलेल्या माणसाला हे असं वागवणं, याला हिंमत लागते. मला आधी राग आला, मग कौतुक वाटलं.

आता त्या भागावर येते ज्यासाठी खरं तर आज माईक लावलाय.

मार्क नव्या तिघांबरोबर काम करायला तयार नाही. तो मिल्चिकच्या खोलीत घुसतो आणि त्या बोलायच्या डब्यासमोर बोर्डाला गयावया करतो की माझी माणसं परत द्या. आणि मग लिफ्ट उघडते, एकेक करून अर्व्हिंग, डिलन, हेली. मी उभी राहिले. अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

आई मेथीची पानं खुडत म्हणाली, “आणि ते मगाचे तिघं कुठे गेले?”

मी म्हटलं, कोण?

“ते नवीन. तो म्हातारा, ती मुलगी, तो परदेशी. त्यांना काढलं का?”

मंडळी, मी तीन वर्षं या मालिकेच्या प्रत्येक फ्रेमवर डोकं घालवलंय. ल्युमनची बाहेरून दिसते ती इमारत म्हणजे न्यू जर्सीतल्या होम्डेलची बेल लॅब्सची, एरो सारिनेनने आखलेली, १९६२ मध्ये उघडलेली, हे मी झोपेत सांगेन. आणि मला हा प्रश्न पडला नव्हता.

कारण आतल्या माणसाची नोकरी जाणं म्हणजे काय, हे याच मालिकेने आपल्याला शिकवलंय. पहिल्या सीझनमध्ये बर्ट निवृत्त होतो तो समारंभ आठवा. केक आहे, बाहेरच्या बर्टचा व्हिडिओ लावलाय, सगळे हसतायत, आणि अर्व्हिंग एकटा आक्रोश करतो, कारण आतला बर्ट आजच्यानंतर कुठेच असणार नाही. तो घरी जाणार नाही, पेन्शन घेणार नाही, मिटणार. तेव्हा आपण अर्व्हिंगच्या बाजूने होतो. आणि आता तीन जण मिटले तर आपण टाळ्या वाजवल्या, कारण ते आपले नव्हते.

मालिकेची ही चूक आहे की सापळा, यावर मी दोन दिवस विचार केला. माझं मत सापळ्याकडे झुकतंय. त्या तिघांना मुद्दाम थोडं विनोदी, थोडं चिडखोर लिहिलंय, म्हणजे आपला जीव त्यांच्यात अडकू नये. (आलिया शॉकटसारखी नटी एवढ्यासाठी बोलावली याचं मात्र वाईट वाटतं. परत आणा तिला.) पण या भागाचं नाव बघा. ‘हॅलो, मिस कोबेल’. कोबेल या भागात दिसतसुद्धा नाही! नाव कुठून आलं? मिल्चिक तिच्या जागी बसलाय, तो कॉम्प्युटर चालू करतो आणि पडद्यावर अक्षरं येतात, हॅलो, मिस कोबेल. खुर्ची मिळाली, खोली मिळाली, यंत्राला अजून जुनंच नाव माहीत आहे. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकतं, मग तो परत हसतो. ज्या भागाचं नाव हे आहे, त्याला त्या तिघांचा विसर पडला असेल असं मला वाटत नाही.

आणि तिथे मी व्हिडिओ थांबवला होता. आईला सांगितलं नाही का ते.

२०२३ मध्ये मी नोकरी बदलली. कंपनीचं नाव सांगत नाही. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर दुसऱ्याच बाईचं नाव आणि ‘वेलकम बॅक’. आयटीवाल्यांनी आठवडाभराने बदललं. टेबलाखाली तिच्या चपला होत्या, ऑफिसात घालायच्या साध्या, अंगठा झिजलेल्या. खणात बडीशेपेची डबी. लोक मला चुकून तिच्या नावाने हाक मारायचे. आणि खरं सांगते, मला ती आवडायची नाही. कधीच भेटले नव्हते, पण दिवसातून दहादा ऐकायचं, ती हे असं करायची, ती हे तसं करायची. वाटायचं, गेली ना ती, मग आता मला काम करू द्या.

तीन महिन्यांनी एकाने जेवताना सांगितलं. एका मंगळवारी तिघांना खोलीत बोलावलं, आणि ते बाहेर यायच्या आत त्यांची कार्डं बंद झाली होती. गार्ड त्यांना परस्पर खाली घेऊन गेला. टेबलापर्यंत परत येता आलं नाही. म्हणून चपला.

मी त्या एका पिशवीत घातल्या. गेल्या वर्षी ती नोकरी सोडली तेव्हा मला रीतसर खोकं देऊन सामान भरू दिलं, त्यात ती पिशवीही आली. माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. कधी विचारलं नाही कुणाला तिचा नंबर.

तर असं. मी मालिका बघताना स्वतःला नेहमी हेली समजायचे. बंडखोर, नाही म्हणणारी. आणि या भागात कळलं की मी मार्क डब्ल्यू आहे. दुसऱ्याच्या खुर्चीत बसून कुरकुर करणारी.

हेलीचा विषय निघालाच आहे तर ते सांगून टाकते. ती खोटं बोलतेय. सगळे आपापलं बाहेर काय बघितलं ते सांगतात. अर्व्हिंग सांगतो की तो बर्टच्या दारापर्यंत गेला, तर बर्टच्या आयुष्यात दुसरा कुणी होता. तो निघूनच चाललाय, डिलन त्याला कसाबसा थांबवतो, आणि तो प्रसंग या भागातला मला सगळ्यात खरा वाटला. मार्क जेमाबद्दल सांगतो. आणि हेली? एक कंटाळवाणं घर, आणि बाहेर रात्री काम करणारा माळी! रात्री कोण बागकाम करतं? आपण बघितलंय ना ती कुठे जागी झाली होती, ती कंपनीच्या मालकाची मुलगी आहे. आता दोनच शक्यता. एक, लाज वाटून लपवतेय. दोन, ही हेली नाहीच, ही वरची हेलेना आहे, खाली हेर म्हणून पाठवलेली. ब्रिट लोअर चालताना खांदे कसे ठेवते ते दोन्ही सीझनमध्ये शेजारी लावून बघा. मी पैज लावायला तयार आहे, चहावर.

डिलनलाही मिल्चिकने बाजूला घेऊन गाजर दाखवलंय, तुझ्या घरच्यांना इथे भेटता येईल, पण कुणाला सांगू नकोस. म्हणजे चौघं परत एकत्र आले आणि पहिल्याच दिवशी दोघांच्या पोटात गुपित. त्या मातीच्या बाहुल्यांच्या फिल्ममध्ये ल्युमनची इमारत स्वतः बोलते, कियानू रीव्ह्जच्या आवाजात, की आम्ही तुमचं ऐकतो. ऐकणारच. तुम्हाला वेगळं वेगळं बसवून.

शेवटी मार्क कामाला बसतो, कोल्ड हार्बर नावाची फाइल, आणि ते आकडे दिसता दिसता मिस केसीचा चेहरा चमकतो. म्हणजे तो बायकोला शोधतोय आणि हाताने तिच्यावरच काहीतरी करतोय? यावर तुमचे अंदाज पाठवा.

काल रात्री मी त्या बाईंचं प्रोफाइल शोधलं. दुसऱ्या शहरात असतात आता. अर्धा तास नुसती बघत बसले. दोन वर्षांनी अनोळखी माणसाला काय लिहायचं, नमस्कार, तुमच्या चपला माझ्याकडे आहेत? आईला विचारलं. म्हणाली, “तेच लिही की. खोटं आहे का?”

तेच लिहिलंय. अजून वाचलेला दिसत नाही.

पुढचा भाग शुक्रवारी येतोय, मी रविवारी इथेच. मार्क डब्ल्यू, ग्वेंडोलिन किंवा दारिओ कुठेही, अगदी कोपऱ्यातल्या फोटोतसुद्धा दिसले, तर मला लगेच मेसेज करा. आई विचारतेय.