सायकल दिली, पान्याचे काय?

(तिसगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



संघाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले मास्तर; विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. परंतु एक गोष्ट अनेक वर्षे मनास टोचत आहे, ती आज बोलून टाकतो.

गर्भगिरीच्या पायथ्याच्या एका वस्तीवरून एक मुलगी सायकलीने आमच्या वर्गात येत असे. आईबाप ऊसतोडीस गेलेले. घरी एकटी आजी. दिवाळीनंतर मुलगी येईनाशी झाली. आम्ही हजेरीपटावर रोज इमानेइतबारे 'गैरहजर' मांडीत राहिलो. महिन्याने वस्तीवर गेलो, तो सायकल भिंतीशी टेकलेली. मागील चाकाच्या व्हॉल्व्हची बोटाच्या पेरापेक्षाही आखूड अशी रबरी नळी फाटली होती, एवढेच! आजी म्हणाली, "गुरुजी, पोर फडावर गेली." ती पुन्हा शाळेत आली नाही. दोष सायकलीचा नव्हता, आमचा होता. आम्ही हजेरी मांडली, चौकशी केली नाही.

सायकली देण्याचे कार्य थोर आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलींसाठी साहाय्य मिळत आले आहे. दानशूर मंडळीही सायकली वाटतात, छायाचित्रे निघतात. परंतु सराट्यांना आणि बाभळीच्या काट्यांना समारंभाशी काय देणेघेणे? पहिल्या पंक्चरनंतर त्या सायकलीचा वाली कोण?

पाश्चात्त्य देशांतील अनेक शहरांत याकरिता सार्वजनिक कार्यशाळा चालतात. तेथे हत्यारे मांडलेली असतात आणि जाणता माणूस शेजारी उभा राहतो. दुरुस्ती मात्र ज्याची त्याने करावयाची. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. तेथे मुले गावाच्या उपयोगाची कामे करीत करीतच विद्या शिकतात. तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांना जे साधले, ते आपल्या लेकींना का साधू नये?

आमची सूचना अशी. आठवडे बाजाराच्या दिवशी संघाच्या सभागृहाचा व्हरांडा उघडावा. तेथे पान्यांचा एक संच, हवेचा पंप, पाण्याचे घमेले, कानस, सोल्यूशन, रबराची ठिगळे, व्हॉल्व्हच्या नळ्या आणि छर्रे ठेवावेत. ट्यूबमध्ये हवा भरून पाण्यात बुडवावी, बुडबुडे येतील तेथे खूण करावी, जागा कोरडी करून घासावी, सोल्यूशन थोडे सुकू द्यावे आणि मग ठिगळ दाबून बसवावे. दहा वर्षांच्या मुलासही हे जमते.

गावातील सायकलवाल्याच्या पोटावर पाय येईल, अशी शंका कोणी घेईल. आम्ही म्हणतो, त्यालाच सन्मानाने गुरू नेमावे व मानधन द्यावे.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. 'निधी ज्ञातीचा, मग लाभ परक्यांना का?' बांधवहो, आपले पूर्वज या गावात एकट्याच्या बळावर जगले नाहीत. काटा टोचताना जात विचारीत नाही. आपण तो काढताना का विचारावी? पारधी वस्तीवरील मूल असो, ऊसतोड्याचे असो वा आपले असो, त्या व्हरांड्यात कोणासही आडनाव विचारू नये.

गुणवंतांना आपण दरवर्षी ढाली देतो. यंदा दोन ढाली कमी कराव्यात आणि तेवढ्या पैशांचे पाने घ्यावेत, ही नम्र विनंती. बाजाराच्या दिवशी घमेल्यापाशी बसण्यास आम्ही स्वतः येऊ. एका मुलीचे देणे आमच्याकडे राहिले आहे. ते फिटणार नाही, पण दुसरीचे तरी चुकू नये.