फोटोतला डाग कशाचा?

मी रेडिओलॉजिस्ट आहे. एक्स-रे आणि सीटी स्कॅन वाचणं हे माझं रोजचं काम. फुप्फुसाचा कॅन्सर शोधण्याच्या या तपासण्या कशा बदलत गेल्या आणि त्यातलं आपल्या उपयोगाचं काय, एवढंच आज सांगणार आहे.

सुरुवात माझ्या काकांपासून करतो. इंदूरच्या कापड गिरणीत नोकरी, बिडीची सवय. खोकला जाईना म्हणून एक्स-रे काढला. डाग दिसला. 'टीबी असणार' म्हणून औषधं सुरू झाली. थुंकी कुणी तपासलीच नाही. पाच महिने गेले, वजन उतरत गेलं. शेवटी सीटी झाला, सुईने तुकडा काढून तपासला, तेव्हा कॅन्सर निघाला. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती.

एक्स-रे स्वस्त आहे, पण तो सगळी छाती एका सपाट चित्रात दाखवतो. बरगड्यांमागे, हृदयामागे लहान गाठ लपून राहते. सीटी मात्र पावाच्या कापांसारखा एकेक थर दाखवतो. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी झाला, तो मेंदूचा होता. छातीचा सीटी नंतर आला आणि पुढे कमी किरणांत काढलेला 'लो-डोस सीटी'ही.

त्याने जीव वाचतात का? अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर हे पाहिलं गेलं. वय ५५ ते ७४, आणि दिवसाला एक पाकीट या हिशेबाने निदान तीस वर्षांएवढं धूम्रपान. निम्म्यांचा दरवर्षी एक्स-रे, निम्म्यांचा लो-डोस सीटी, असं तीन वेळा. २०११ मध्ये निष्कर्ष आला: सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी.

पण दुसरी बाजूही ऐका. ज्या सीटींत काहीतरी संशयास्पद दिसलं, त्यांतल्या शंभरपैकी सुमारे ९६ वेळा तो कॅन्सर नव्हता. म्हणून नेदरलँड्स-बेल्जियमच्या अभ्यासात गाठीचं आकारमान मोजलं, शंका असेल तर काही महिन्यांनी पुन्हा मोजलं आणि ती किती वेगाने वाढते ते पाहिलं. २०२० मध्ये त्याचे निकाल आले: पुरुषांमध्ये दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी.

आता आपल्याकडे या. आपल्या देशात जुन्या टीबीचे व्रण असंख्य छात्यांमध्ये आहेत. फोटोत ते गाठीसारखे दिसू शकतात. पेट-सीटीमध्ये कॅन्सर चमकतो, तसा टीबीही चमकतो. शिवाय कधीच विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही, विशेषतः स्त्रियांना, हा कॅन्सर होतो. म्हणून परदेशातले नियम जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, फुप्फुसाचा नाही. तेव्हा जागरूक आपल्यालाच राहायला हवं.

चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला किंवा थुंकीतून रक्त आलं, तर थांबू नका.

दोन, फक्त एक्स-रेवरून टीबीची औषधं सुरू होत असतील, तर थुंकीची तपासणी मागा. सरकारी केंद्रात ती मोफत होते. औषधांनी फरक पडत नसेल, तर तेच औषध पुढे ओढू नका. डॉक्टरांना सीटीबद्दल विचारा.

तीन, जुने एक्स-रे, सीटी फेकू नका. डाग जुना आहे की नवा, वाढतोय की तसाच आहे, हे जुन्या फोटोशी ताडूनच कळतं.

चार, वय पन्नाशीपुढे आणि वर्षानुवर्षं धूम्रपान असेल, तर लो-डोस सीटीबद्दल डॉक्टरांशी बोला. जाहिरात पाहून पॅकेज घेऊ नका. आणि तपासणी केली म्हणून विडी चालू ठेवायची मुभा मिळत नाही.

काकांचा तो पहिला एक्स-रे अजून माझ्याकडे आहे. डाग त्यात स्पष्ट दिसतो. तो कशाचा, हे तपासून घ्यायचं राहून गेलं. तुमच्या घरात ते राहू देऊ नका.