आधी स्वतःचा हिशेब, मग ओळख

(घोडपदेव येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वक्ता नाही. त्यामुळे थेट मुद्द्यावर येते.

'मी कोण?' हा प्रश्न आपल्याला निवांत बसून पडत नाही. तो दुसरेच आपल्याला विचारतात. भाड्याने घर बघायला गेलं की आधी आडनाव विचारलं जातं. ऑफिसात कुणीतरी कौतुकाने म्हणतं, "तू मुस्लिम असून मराठी किती छान बोलतेस!" गावी लग्नाला गेलं की आपलेच नातेवाईक म्हणतात, "ही मुंबईची, हिला उर्दू धड येत नाही." तीन ठिकाणी तीन खुलासे देता देता दिवस संपतो आणि आपलं स्वतःचं उत्तर काय, हे विचारायचं राहूनच जातं. आज तेवढंच विचारू या.

फॉर्मवर नाव, धर्म, मातृभाषा असे रकाने असतात. ते खोटे नाहीत. मी मुस्लिम आहे, मराठी आहे, आणि दोन्ही पूर्ण आहे. पण त्या रकान्यांत माणूस मावत नाही. याचा पुरावा म्हणून आपल्यातलेच दोघे घेऊ.

पहिले शाहीर अमर शेख. जन्म १९१६, बार्शी. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घरची गरिबी. गिरणीत काम केलं, तिथूनच कामगारांच्या लढ्यात उतरले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या पहाडी आवाजाने सभा भारून जायच्या. आज आपल्या अवतीभवती गिरण्यांच्या जागी टॉवर दिसतात. त्या गिरण्यांत राबणारा माणूस हा त्यांचा श्रोता होता.

दुसरे हमीद दलवाई. जन्म १९३२, चिपळूणजवळचं मिरजोळी. 'लाट' हा कथासंग्रह आणि 'इंधन' ही कादंबरी लिहिणारा हा लेखक. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावं, ही मागणी. मोर्चात बायका किती होत्या? सात. सातच आहेत म्हणून त्यांनी मोर्चा पुढे ढकलला नाही. १९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. इथे बसलेल्या काहींना त्यांचे विचार पटत नसतील. हरकत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे.

या दोघांचे फॉर्म भरा. धर्म: मुस्लिम. भाषा: मराठी. दोन्ही फॉर्म सारखेच दिसतील. पण अमर शेखांच्या जागी दलवाई उभे करता येतील का? एकाकडे आवाज होता, दुसऱ्याकडे अप्रिय गोष्ट स्पष्ट मांडण्याची ताकद. एकाला कामगाराचा घाम दिसत होता, दुसऱ्याला घरातल्या बाईवरचा अन्याय. आपल्या हाताला काय येतं आणि ते आपण कशासाठी वापरतो, या दोन गोष्टींतून त्यांची ओळख घडली. पहिलीला बलस्थान म्हणू, दुसरीला मूल्य.

आता ही दोन्ही स्वतःत शोधायची कशी?

आमच्या कामात एखादी प्रणाली बंद पडली की तिने काय करायला हवं होतं, यावर आम्ही वाद घालत बसत नाही. आम्ही लॉग उघडतो. लॉग म्हणजे तिने प्रत्यक्षात काय केलं, किती वाजता केलं, याची नोंद. माणसाचाही असा लॉग असतो. गेल्या महिन्यातले यूपीआयचे व्यवहार बघा. चार रविवार कुठे गेले, ते आठवा. कोणाचे फोन लगेच उचलले आणि कोणाचे टाळले, ते बघा. 'मला समाजसेवा आवडते' असं आपण म्हणतो, पण लॉग काय म्हणतो?

बलस्थान आपल्याला सहसा दिसत नाही, कारण ते आपल्याला सोपं वाटतं. म्हणून तीन माणसांना विचारा: एक घरातलं, एक कामावरचं किंवा कॉलेजातलं, एक मोहल्ल्यातलं. विचारायचं एवढंच: "तुम्ही माझ्याकडे कोणत्या कामासाठी येता?" माझ्या बाबतीत तिघांचं उत्तर एकच आलं, कागदपत्रं. शिष्यवृत्तीचा अर्ज, जन्माच्या दाखल्यातली नावाची चूक, रेशन कार्ड. किचकट गोष्ट सोपी करून सांगणं मला जमतं. हे माझ्या पदवीवर कुठेच लिहिलेलं नाही.

मूल्य ओळखायचं कसं? मराठीत 'मूल्य' म्हणजे तत्त्व आणि 'मूल्य' म्हणजे किंमतही. त्यातच उत्तर आहे. ज्यासाठी आपण काही किंमत मोजली, ते आपलं मूल्य. वेळ, पैसा, झोप, एखादी मैत्री, काहीही. एखाद्या गोष्टीसाठी आजवर काहीच मोजलं नसेल, तर ते अजून नुसतं मत आहे. कागद नाही म्हणून कुणाचा हक्क बुडू नये, यासाठी मी माझे अनेक शनिवार दिले आहेत. म्हणून ते माझं मूल्य आहे, असं मी म्हणू शकते.

दोन्ही एकत्र बघणं महत्त्वाचं. नुसतं बलस्थान असेल तर ते जो पैसे देईल त्याच्या कामाला लागतं. नुसतं मूल्य असेल तर माणूस चिडचिड करत बसतो.

हे काही नवीन आणि बाहेरून आलेलं नाही. आपल्याकडे याला मुहासबा म्हणतात, स्वतःचा हिशेब. नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेले सूफी विचारवंत हारिस अल-मुहासिबी याच नावाने ओळखले गेले. 'मुहासबा' आणि मराठीतला 'हिशेब' हे शब्द एकाच अरबी धातूचे. म्हणजे दुकानाच्या चोपडीतला शब्द आणि मनाच्या तपासणीचा शब्द भाऊबंद आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. स्वतःला ओळखलं म्हणून उद्या घरमालक दार उघडेल, असं नाही. तो अन्याय आहे आणि त्याच्याशी कायद्याने, संघटनेने लढावंच लागेल. आत्मपरीक्षण हा त्याला पर्याय नाही. पण आपली ओळख म्हणजे फक्त दुसऱ्यांच्या प्रश्नांना दिलेलं उत्तर असेल, तर आयुष्य खुलासे देण्यातच जाईल. मग आपला अजेंडाही तेच ठरवतील. आपण काय चांगलं करू शकतो आणि कशासाठी उभे राहतो हे ज्याला माहीत आहे, तो लढताना थकतो, पण भरकटत नाही.

आज घरी जाऊन एक साधी वही करा. चार आठवडे, रोज रात्री दोन ओळी. आज माझ्या हातून काय नीट झालं? आज मी कशासाठी किंमत मोजली? एखाद्या दिवशी दुसरी ओळ रिकामी राहील. राहू द्या, पण खोटी भरू नका. महिनाभराने सलग वाचा. जे शब्द पुन्हा पुन्हा येतील, तिथून सुरुवात करा.

पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. दाखवायची सक्ती नाही.