टोपी आणि तिच्याखालचा माणूस



ऐतिहासिक मालिका पाहताना आपण पगडीची घडी तपासतो, तलवारीची मूठ तपासतो आणि चूक सापडली की मनोमन सुखावतो. ही तपासणी हवीच. पण ऐतिहासिक सत्य एवढ्यावर संपते का? फ्रान्सचे उदाहरण पाहू.

१९४० साली जर्मनीने फ्रान्सचा पाडाव केला. विशी येथील फ्रेंच सरकारने जेत्यांशी हातमिळवणी केली. १९४२च्या १६ आणि १७ जुलैला पॅरिस व परिसरात सुमारे १३,००० ज्यू स्त्री-पुरुष-मुले पकडली गेली. पकडणारे पोलीस फ्रेंच होते.

युद्धानंतर हे कोणालाच आठवायचे नव्हते. १९५६ साली आलँ रेने यांनी छळछावण्यांवर माहितीपट केला. त्यात एक जुने छायाचित्र होते: फ्रान्समधल्याच एका छावणीवर पहारा देणारा शिपाई, डोक्यावर फ्रेंच शिपायाची टोपी. सेन्सॉरने ती टोपी झाकायला लावली. वेशभूषा चुकली होती म्हणून नव्हे, ती अचूक होती म्हणून! पुढे मार्सेल ओफ्युल्स यांनी क्लेर्माँ-फेराँ शहराच्या त्या दिवसांवर माहितीपट केला. १९६९ साली तयार झालेले हे काम फ्रेंच दूरचित्रवाणीने दाखवले ते १९८१ साली.

या पार्श्वभूमीवर २००९ ते २०१७ या काळात गाजलेली 'एक फ्रेंच खेडे' ही मालिका पाहावी. तिचे गाव काल्पनिक, पात्रे काल्पनिक; सल्लागार मात्र ज्याँ-पिएर आझेमा यांच्यासारखे इतिहासकार. गावचा डॉक्टर लोकांना सांभाळायचे म्हणून नगराध्यक्षपद पत्करतो आणि एकेका तडजोडीने रुतत जातो. मुक्तीनंतर त्याला त्याचा जाब द्यावा लागतो. १९४१ सालच्या माणसाला १९४५ सालचा निकाल ठाऊक नव्हता, हे ही मालिका विसरत नाही. ज्यूंना पकडणारा फ्रेंच पोलीसही इथे झाकलेला नाही. गाव नकाशावर सापडणार नाही. पण त्या काळाचा पेच खरा आहे.

हे महत्त्वाचे अशासाठी, की तो काळ पाहिलेली पिढी आता सरत आली आहे. नातवंडांना आजोबांच्या तोंडून जे कळले असते, ते यापुढे पडद्यावरून कळणार. तिथे गणवेशाची बटणे बरोबर आणि गुन्हेगार तेवढे सारे परके, असे चित्र रंगवले, तर ते देखणे असत्य ठरेल.

म्हणून पगडी जरूर तपासावी. मात्र ती कोणाच्या डोक्यावरून गुपचूप उतरवली आहे, हेही विचारावे.